बेलतेलातलं काळं

फळ्याचं काळं साधायला गुणवंतीला अख्खा आषाढ लागला. काळं म्हणजे काळं, त्यात काय साधायचं, असं तिच्या नवऱ्याला वाटे. पण धर्माने जन्मात कधी घरी फळा केला नव्हता, त्यामुळे त्याचं म्हणणं तिने मनावर घेतलं नाही.

आधी तिने कोळसा कुटून डिंकात कालवला. गॅलरीत पावसाचा झोत आत आला आणि सगळं काळं ओघळून खालच्या मजल्यावरच्यांच्या पापडांवर. मग कुणाकडून उरलासुरला ऑइलपेंट मागून आणला, तर फळा असा गुळगुळीत झाला की खडू त्यावर टेकेचना. शेवटी तिचं तिलाच उमगलं की काळ्याला खरखर हवी. मग चिमणीवर पितळी ताटली उपडी धरून काजळी जमवली, जुन्या विटेची वस्त्रगाळ पूड केली आणि दोन्ही रंगाऱ्याकडच्या बेलतेलात, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलात, खलली. वाण्याकडून आणलेल्या चहाच्या पेटीची फळी घासूनपुसून तिच्यावर हात दिले, वाळवले, पुन्हा दिले. आणि जमलं. खडू असा बसायला लागला की जणू फळी त्याची वाटच बघत होती. पाऊस आला, चित्र गेलं. काळं जागचं हललं नाही.

हललं नाही ते तिच्या बोटांवरूनही. साबण झाला, राख झाली, लिंबाची साल झाली. रॉकेलच्या बोळ्याने कातडी लाल होईस्तोवर घासलं तेव्हा कुठे बोटं माणसाची दिसायला लागली. नखांच्या कडा तर श्रावण उजाडेपर्यंत तशाच.

"काय गो," नळावर शेजारची सोनूबाई म्हणाली, "कोणाच्या तोंडाक काळा फासून इलंस?"

बायका खदखदून हसल्या. गुणवंतीही हसली. नळाच्या मागे जयवंत दात घासत उभा होता. तो हसला नाही. नुसता तिच्या बोटांकडे बघत राहिला आणि चूळ भरून गेला.

फळा करायचं कारण जयवंतच होता म्हणा. परळच्या त्या चाळीत घरटी एक माणूस गिरणीत, आणि गिरण्या जानेवारीपासून बंद. जयवंत संपाच्या कमिटीचा चाळीतला माणूस. त्यानेच आषाढाच्या सुरुवातीला बैठकीत मांडलं होतं की संप मिटेपर्यंत कुणी दाराला तोरण बांधायचं नाही, माळा सोडायच्या नाहीत, दिवाळीला कंदील टांगायचा नाही. "एकाच्या दारात उजेड आणि दुसऱ्याच्या दारात अंधार, असं आपल्याकडे व्हायचं नाही," तो म्हणाला होता. त्याचा आवाज कधी चढत नसे. यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, म्हणून कुणी बोललं नाही. गुणवंतीला मात्र राहवलं नाही.

"भावोजी, टांगायचा नाही ना? मग काढला तर चालेल?"

"काढला म्हणजे?"

"खडूने. फळ्यावर."

बैठक हसली. जयवंतही हसला, आणि तो सहसा हसत नसे. "काढा वहिनी. चित्रातल्या कंदिलाला तेल लागत नाही."

तर असा तो फळा. गुणवंतीच्या दाराशेजारी खिळ्याला टांगलेला. नागपंचमीला तिने त्यावर नागाचं जोडपं काढलं, गौरी आल्या तेव्हा उंबऱ्याकडे येणारी पावलं काढली. खडू म्युनिसिपालटीच्या शाळेतल्या बाईंनी दिलेले, पांढरेच. ते हळदीच्या पाण्यात, कुंकवाच्या पाण्यात, निळीत भिजवून तिने रंगाचे केले. पाण्यात चिमूटभर साखर घातली की रंग खुलतो हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि त्या वर्षी साखर चिमटीने वापरायची चीज होती. पण फळ्यापुरती ती उधळी व्हायची. वरच्या माळ्यावरची माणसं मुद्दाम या जिन्याने उतरायला लागली. "आज काय काढलंस गो?" हे चाळीत नमस्कारासारखं झालं.

घरात मात्र बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. सासू आणि दोन्ही पोरं मालवणकडे गावी पाठवलेली. तिकडून येणारा प्रत्येक माणूस एकच निरोप घेऊन यायचा, आणि तो दारात उभा राहिला की गुणवंतीला तोंड उघडायच्या आधीच कळायचं की तांदूळ संपला.

गणपती गेले आणि धर्मा कामाला जायला लागला.

त्याने चाळीत सांगितलं की वडाळ्याला मिठागरावर हमाली मिळाली आहे. त्यातलं वडाळा तेवढं खरं. तिथे आडबाजूला एक बंद ट्रक उभा राहायचा, त्यात आठ-दहा जण अंग चोरून बसायचे आणि ट्रक मागच्या फाटकाने गिरणीत शिरायचा. पहिल्या दिवशी त्याने बायकोपासूनही लपवलं. पण गिरणीत मागाचे साचे चालवून आलेल्या माणसाला बायकोपासून ते कसं लपवता येईल? त्याच्या भुवयांत कापसाचं तूस होतं.

"अहो," ती म्हणाली, "हे काय करून आलात?"

धर्मा भिंतीला टेकून बसला. "पोरं तिकडे पेज पितायत, गुणा. आईच्या वाट्याला नुसतं वरचं पाणी. मी काय करू?"

 तिने फणी घेतली आणि त्याच्या केसांतलं, कानामागचं तूस वेचून काढलं. वेचलेलं चुलीत टाकलं. तेव्हापासून ते रोजचंच झालं. तो आला की दार लोटायचं, त्याला खाली बसवायचं आणि माकडीण पिलाच्या उवा काढते तसं वेचत बसायचं. लग्नाला बारा वर्षं झाली होती, इतक्या मायेने ती त्याच्याजवळ कधी बसली नव्हती, आणि इतकी घाबरूनही.

कामावर जाणाऱ्यांचं काय होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. पलीकडच्या गल्लीत एकाच्या दारात बायकांनी बांगड्यांचं ताट नेऊन ठेवलं होतं. एकाच्या बायकोने नळाला बादली लावली की बाकीच्या आपापल्या बादल्या उचलून लांब उभ्या राहायच्या. कुणी भांडायचं नाही, शिवी द्यायचं नाही. त्या बाईने शेवटी रात्रीचं पाणी भरायला सुरुवात केली आणि मग एक दिवस खोली सोडली. आणि जयवंत? तो स्वतःच्या घरचा तांदूळ दुसऱ्याच्या डब्यात ओतणारा माणूस. त्याने बायकोची डोरली मोडली ती संपफंडासाठी. म्हणूनच गुणवंतीला त्याची भीती वाटे. ज्याला स्वतःसाठी काही नको, त्याला देणार काय आणि मनवणार कशाने?

दसऱ्याला तिने फळ्यावर पाटीपूजनाची सरस्वती काढली, एकाचे आकडे जोडून काढतात तशी. चाळीतल्या पोरांनी पाया पडून घेतलं. सोनूबाई आपट्याचं पान घेऊन आली. गुणवंतीला सोनं दिलं, उंबऱ्यात बसलेल्या धर्माला दिलं, आणि त्याच्याकडे बघत म्हणाली, "मिठागरावर जातस ना रे? माझो घोव मिठागरावर होतो. घराक येय तेव्हा कान पांढरे, मान पांढरी. चाटलंस तर खारट." ती हसली. "तुझ्या अंगार मीठ काय दिसणा नाय."

"धुऊन येतो मावशी."

"धू बाबा. धुलेला बरा."

ती गेल्यावर गुणवंतीने धर्माला आत घेतलं आणि त्याचे कान पुन्हा एकदा तपासले.

दिवाळी पंधरा दिवसांवर आली आणि जयवंत दारात उभा राहिला. फळ्यावर कोजागिरीचा चंद्र आणि खाली दुधाची कढई होती. त्याने चित्र मन लावून पाहिलं, मग चित्राखालची काळी कड अंगठ्याने घासली. अंगठा उलटा करून बघितला. कोरा.

"वहिनी, एक वाटगाभर हे काळं हवंय."

"फळा करताय का भावोजी?"

"नाही. एकाच्या तोंडाला फासायचंय."

गुणवंतीच्या हातात खडू होता. तो तिने हळूच खिडकीत ठेवला. "कुणाच्या हो?"

"उद्या कळेल. ट्रकमधून जाणारा एक आहे." तो अगदी आपुलकीने बोलत होता. "वंगण लावलं तर लगेच निघतं. तुमचं बसतं चांगलं. चाळीतल्या बायाच सांगतात."

नाही म्हणायला तोंड लागतं, आणि ज्याच्या घरात लपवायला काही नाही त्यालाच ते असतं. गुणवंती हो म्हणाली.

दार लोटून तिने काजळी धरली. बेलतेलाची बाटली पुढ्यात होती, विटेची पूडही होती. तिने दोन्ही बाजूला सारलं. उद्या कुणाचं तोंड असेल कोण जाणे. पण कुणाचंही असलं तरी डोळे, ओठ माणसाचेच असणार. तिने खोबरेल तेल घेतलं, होतं तेवढं सगळं. पोरांसाठी काजळ घालायची तसं त्यात काजळीचं काळं खललं, मऊ, जरासुद्धा न बोचणारं. दिसायला तेच. साबणाच्या एका हाताने जाणारं.

धर्मा आला तेव्हा तिने सांगितलं. 

"उद्या जाऊ नका."

"उद्या नाही गेलो तर त्यांना कळेलच की मीच तो," धर्मा म्हणाला. पण सकाळी तो गेला नाही. नाक्यावर जाऊन लोकांत उभा राहिला, सगळ्यांना दिसेल असा.

संध्याकाळी तो घरी आला तो दाराला हात न लावता. कोपराने ढकलून आला. त्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत काळे होते.

गुणवंतीने आधी त्याचं तोंड पाहिलं. ते स्वच्छ होतं. तिच्या जिवात जीव आला आणि त्याच क्षणी तिला त्या जिवाची लाज वाटली.

"रामू होता," धर्मा म्हणाला. "शेजारच्या चाळीतला. खांबाला टेकवून उभा केला त्याला. जयवंतने वाटगा माझ्या हातात दिला. इतकी माणसं होती, नेमका माझ्या. म्हणाला, धर्मा, तू लाव."

"आणि?"

"लावलं." त्याने हात पुढे धरले, जणू ते दुसऱ्याचे होते. "रामू माझ्याकडे बघत होता, गुणा. ट्रकात रोज माझ्या शेजारी बसतो तो. विडी अर्धी करून देतो. एक शब्द बोलला असता ना... नाही बोलला. नुसते डोळे मिटून घेतले. पोरं आंघोळीला मिटतात तसे."

तिने मोरीत त्याचे हात धुतले. साबणाने काळं भरभर गेलं. पाणी गढूळ, मग स्वच्छ. तो तरी हात मागे घेईना. "अजून आहे," म्हणत राहिला. नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जयवंत वाटगा परत घेऊन आला. घासूनपुसून, आणि रिकामा परत करू नये म्हणून आत मूठभर कुरमुरे घालून.

"वहिनी, निघालं हो ते."

"काय?"

"काळं. अंधार पडायच्या आत रामू तोंड धुऊन खिडकीत बसला होता. लोक म्हणायला लागले, हे काय, नाटकातला रंग काय?" त्याने फळ्याकडे पाहिलं. "ह्याच्यावरचं पाऊस खाऊनही जात नाही. मग त्याचं कसं गेलं?"

"काजळी नीट मिळाली नाही भावोजी. रॉकेल कुठाय चिमणीला? आणि बेलतेल संपलंय."

"तसं सांगायचं ना." जयवंतने मान हलवली. "मी पाठवतो. बेलतेल पाठवतो, रॉकेल पाठवतो. वसुबारसेला पुन्हा एकासाठी लागेल. आता तुमच्याकडे काही कमी पडणार नाही."

आणि खरंच आलं. दोन बाटल्या, बुचं घट्ट लावलेली. त्या वर्षी रॉकेलसाठी बायका पहाटेपासून रांगेत बसत होत्या, आणि इथे दारात पोचतं झालं. सोनूबाईने गॅलरीतून जाताना बाटल्या पाहिल्या आणि थबकली. "येवढा रॉकेल?" एवढंच म्हणाली, आणि गुणवंतीच्या पाठीवरून एकदा हात फिरवून गेली. एरवी ती कुणाला हात लावत नसे.

वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी गुणवंती नवऱ्यासमोर बसली. केसांतलं तूस वेचून झालं होतं; मुठीत धरून ती बोलली. "आता खोबरेलाचं चालणार नाही. जयवंत घासून बघेल. मला खरं करावं लागणार. तुम्ही उद्या जायचं नाही. माझ्या गळ्याची शपथ घ्या."

"दिवाळीच्या तोंडावर गैरहजर राहील त्याला परत घेणार नाहीत म्हणतायत."

"न घेऊ देत."

धर्मा तिच्या मुठीकडे बघत होता. "बरं," तो म्हणाला. "उद्या मोर्चा आहे. मोर्चात जातो. पुढेच चालतो, जयवंतला दिसेल असा." आणि त्याने तिच्या गळ्याला बोट लावलं.

सकाळी तो धुतलेला सदरा घालून, रिकाम्या हाताने, डबा न घेता गेला. डबा फळीवर होता. गुणवंतीने तो दोनदा बघितला आणि तिला हलकं वाटलं. कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं. आधी तिने फळा पुसला आणि वसुबारसेची गाय काढली, पाठीशी वासरू, वासराची मान आईच्या पोटाखाली. मग काळं करायला बसली. या खेपेला काही चोरलं नाही. चोख काजळी, विटेची पूड, बेलतेल. खलताना तिच्या मनात येत होतं की हे कुणाच्या तरी गालावर सुकणार आहे. पण तिने त्या कुणाला तरी चेहरा दिला नाही. आपला माणूस सुटला की परक्याचा चेहरा दिसेनासा होतो. ते तिला त्या दिवशी कळलं, आणि कळूनही तिचा हात थांबला नाही.

दुपार कलायच्या आधी जयवंत आला. त्याने वाटग्यात बोट बुडवलं, स्वतःच्या दंडावर एक जाड रेघ ओढली आणि उंबऱ्यात बसून राहिला. गायीचं चित्र बघितलं, वासराचं कौतुक केलं, गावाकडची पोरं कशी आहेत विचारलं. रेघ सुकली. मग मोरीत जाऊन त्याने साबणाने दंड घासला, दगडाने घासला. बाहेर आला. रेघ होती तशी होती.

"आता बसलं," तो म्हणाला. "धर्मा कुठाय? त्याचा हात चांगला चालतो."

"ते तुमच्याच मोर्चाला गेलेत की. सकाळीच."

जयवंत पंच्याने दंड पुसत होता. पुसणं थांबलं नाही, फक्त हळू झालं.

"मोर्चा उद्या आहे वहिनी."

खालून नळाचा आवाज येत होता. गुणवंतीने फळीवरच्या डब्याकडे पाहिलं. तो तिथेच होता, झाकण लावलेला, तिला पटावं म्हणून ठेवून गेलेला.

"भावोजी," ती म्हणाली. तिचा हात वाटग्याकडे गेला.

"असू दे," जयवंत म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट दमल्यासारखा दिसत होता, घरातलं माणूस आजारी असलं की दिसतात तसा. त्याने वाटगा उचलला, सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरला. "ट्रक चारच्या सुमाराला परत येतो वडाळ्याला. वाटेत भेटेलच तो."

तो जिना उतरून गेला. एकेक पायरी, संथ. वाटग्याच्या भाराने पुढे वाकून.

 गुणवंतीने रॉकेलची बाटली घेतली. धोतराचा फडका फाडून बोळे केले. खोबरेल बघितलं, पण ते तर रामूच्या तोंडाला केव्हाच संपलं होतं. दार उघडं टाकूनच ती खाली धावली.

नळावर बायका होत्या. ती दिसली तशा बोलायच्या थांबल्या. तिला वाटलं, आता बादल्या उचलतील आणि लांब जाऊन उभ्या राहतील. चार पावलांवरूनच तिने मान खाली घातली. कुणी हललं नाही. कुणी विचारलंही नाही की भरदुपारी रॉकेलची बाटली घेऊन कुठे निघालीस. विचारायला आधी काही ठाऊक नसावं लागतं.

सोनूबाईने भरलेली कळशी काखेला घेतली आणि तिच्या अगदी जवळ आली.

"डोळे सांभाळ त्याचे," ती हळूच म्हणाली. "कपाळावरसून खाली पुसू नको, गालाकडे पूस. आणि त्याका घेऊन सरळ माझ्याकडे ये. मी पाणी तापत ठेवतंय."